दोन कोरी पाने

माझे काका पुस्तके फक्त मधूनच वाचत. ते बडोद्याच्या सरकारी पुस्तकालयात बांधणीचे काम करत, आणि पुस्तक शिवणाऱ्या माणसासमोर दुमडलेल्या कागदांच्या प्रत्येक जुडीची मधली दोन पानेच उघडी असतात. जुडी उघडायची, घडीवर टोच्याने भोके पाडायची, दोरा आत घ्यायचा, बाहेर काढायचा. तेवढ्या वेळात काका ती दोन पाने वाचून घेत. पुढची जुडी हातात येई तोवर गोष्ट बरीच पुढे गेलेली असे. अशी त्यांनी कपाटेच्या कपाटे वाचली आणि एकाही पुस्तकाची सुरुवात किंवा शेवट त्यांनी स्वतः वाचला नव्हता.

संध्याकाळी रावपुऱ्यातल्या आमच्या घरी परतले की हाताला खळीचा वास येत असे. हात न धुताच ते मला हाक मारीत.

"बाय, एक माणूस भर पुरात बैल घालतो. बैलाच्या शिंगाला लाल फडकं बांधलंय. का बांधलंय आणि पुढं पोचतो का, ते बघून ठेव."

मग मी ते पुस्तक मिळवून वाचत असे आणि आठवड्याने त्यांना सांगत असे. अक्षरे मी शाळेत शिकले, पण वाचनाची ओढ मला काकांच्या या अर्धवट गोष्टींनी लावली. आज मी मुलींच्या शाळेत शिकवते त्याचे मूळ त्या लाल फडक्यात आहे. काकांना जाऊन दोन महिने झाले. लिहायला बसते, चार ओळी होतात आणि उठावे लागते. त्यांची शिलाईही अशीच सावकाश चाले, म्हणून मी घाई करत नाही.

आमचे घराणे मूळ वसईकडचे, कॅथलिक. आजोबा नोकरीसाठी बडोद्याला आले आणि इथलेच झाले. माझे वडील, म्हणजे काकांचे मोठे भाऊ, राज्याच्या जमीनमोजणी खात्यात होते आणि चर्चच्या कारभारी मंडळातही. घरात त्यांचा नियम कडक. संध्याकाळी दिवा लागला की रोजरीची माळ, शुक्रवारी मांस नाही, रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवायची नाही. बाबांच्या हाती धर्म दिला असता तर त्यांनी त्याची साखळी टाकून मोजणी केली असती आणि कोपऱ्याकोपऱ्याला दगड पुरले असते.

काकांचा धर्म मोजायला कठीण होता. कुठलेही पुस्तक शिवायला घेण्याआधी ते अंगठ्याने त्याच्यावर क्रूस काढीत. गीता असो, कुराण असो, ऊसलागवडीची माहिती असो. महाराजांनी गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवायला सुरुवात केली तेव्हा त्या पेट्यांतल्या प्रत्येक पुस्तकावर काकांचा अंगठा फिरला होता. शेजारी बसणारा गुजराती कारागीर त्यांना चिडवायचा, "अरे काका, आ बधी चोपडीओने ख्रिस्ती करी नाखशो के शुं?"

"पुस्तकाला नाही रे भाई," काका म्हणत, "माझ्या हाताला करतो. हात थरथरला की शिलाई वाकडी जाते."

रविवारी आम्ही सगळे विश्वामित्रीचा पूल ओलांडून कॅम्पातल्या चर्चकडे चालत जायचो. पुढे बाबा, मागे आई आणि आम्ही भावंडे, सर्वांत शेवटी काका. धुतलेला सदरा, काळा कोट आणि हातात पाण्याने भरलेला पितळेचा तांब्या. फाटकाशी आलो की आम्ही आत जायचो आणि काका उजवीकडे वळायचे. चर्चला लागून दफनभूमी होती, तिच्या भिंतीबाहेर एक कडुलिंबाचे झाड होते. झाडाखाली ते वहाणा काढीत, तांब्यातले पाणी एका ठरावीक जागी ओतीत आणि जमिनीवर बसत. चर्चची खिडकी त्या बाजूला उघडी असे. आत शुभवर्तमान वाचले जाई तेव्हा काका बाहेर उभे राहत, आत घंटा वाजली की बाहेर गुडघे टेकत. मिस्सा संपली की तांब्या पालथा करून आमच्यात सामील होत. भर वैशाखात सगळीकडे गवत जळून जाई, पण त्या तांब्याभर जागेतले हिरवे असे.

लोक बोलायचे. कोणी म्हणे, हा हिंदू झाला, झाडाला पाणी घालतो. कोणी म्हणे, बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. बाबांची मान खाली जाई. त्या वेळचे मोठे फादर परदेशी होते. पांढरी दाढी, आणि मराठी छापील पुस्तकासारखे. ते एकदा मुद्दाम भिंतीबाहेर आले.

"आपण आत का येत नाही?"

"मी आत आलो तर बाहेर कोण बसेल, फादर?"

"बाहेर कोणी बसण्याची आवश्यकता नाही."

"आहे," काका म्हणाले. "माझी मुलगी आहे."

ही मुलगी मी पाहिलेली नाही. मी तेव्हा चार वर्षांची होते. काकूला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. सुईण म्हणून आल्या त्या शेजारच्या आक्का. त्या मराठा, नवरा महाराजांच्या फौजेत होता, तरुणपणीच वारलेला. मूल जन्मले ते जेमतेम श्वास घेत होते. फादरना बोलवायला माणूस पाठवला, पण कॅम्प दूर. अशा वेळी आमच्या धर्मात कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. पाणी डोक्यावर घालायचे आणि ठरलेले शब्द म्हणायचे. देणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असेही नाही. काकूने त्या अवस्थेत आक्कांना शब्द सांगितले. दाराबाहेर उभ्या असलेल्या काकांना आक्का थोड्या वेळाने येऊन म्हणाल्या, "पाणी घातलं, नाव ठेवलं. गेली."

दुसऱ्या दिवशी पुरण्याआधी फादरनी आक्कांना बोलावून विचारले, "तू या बालिकेस बाप्तिस्मा दिलास काय? कोणते नाव दिलेस?"

आक्का खाली बघत म्हणाल्या, "मी काही केलं नाही."

काकांनी सांगून पाहिले. फादर म्हणाले, आपण दाराबाहेर होता, देणारी स्वतः नाही म्हणते. काकू तापात होती, तिला शुद्ध नव्हती. आठव्या दिवशी तीही गेली. तिला भिंतीच्या आत जागा मिळाली. बाप्तिस्मा न झालेल्या मुलीला बाहेर, लिंबाखाली. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तिचे नाव चढले नाही.

बाबा एकदा चिडून काकांना म्हणाले होते, "अरे, त्या आक्काला पुन्हा घेऊन ये, खरं बोलायला लाव, म्हणजे मिटेल. तू तिला विचारतसुद्धा नाहीस!"

"दादा, ती माझ्या बायकोच्या उशाशी आठ दिवस बसली होती. कशाला तरी घाबरून ती नाही म्हणाली. तिला पुन्हा साक्षीला उभी करणार नाही."

"मग नाव कधी चढणार?"

"कुठं? देवाच्या वहीत चढलंय. फादरच्या वहीत राहिलंय, एवढंच."

दर नाताळाला काका फराळाचे पहिले ताट आक्कांकडे पाठवीत. मीच घेऊन जात असे. आक्का ताट घेताना माझ्याकडे बघत नसत.

मी शाळेत असताना एका पावसाळ्यात चर्चच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली. पाने बचावली, पुठ्ठे आणि दोरे गेले. बडोद्यात असे काम करणारा भरवशाचा माणूस एकच होता, पण बाप्तिस्म्याची वही त्याच्या हाती द्यायचे बाबांनी महिनाभर टाळले. त्यांनी वही आणून काकांपुढे ठेवली आणि म्हणाले, "एक अक्षर लिहायचं नाही."

"दादा, मी शिवणारा आहे. लिहिणारे वेगळे."

पंधरा दिवस ती वही आमच्या घरी होती. काकांनी जुने दोरे सोडवले, पाने ब्रशने झाडली, फाटलेल्या घड्यांना पातळ कागद डकवला आणि नव्याने शिवली. बाबांनी परत नेण्याआधी दिव्याखाली बसून पान न् पान तपासले. नाव कुठेच नव्हते. पण मुलीच्या जन्माच्या महिन्यापुढे एक कोरे पान होते, आणि त्याच जुडीत काही पानांनंतर आणखी एक.

"ही काय भानगड?"

"एक पान जास्तीचं घातलंय."

"ही दोन आहेत."

"एकटं पान शिवता येत नाही, दादा. चिकटवलेलं चार वर्षांत निघतं. पक्कं हवं तर कागद दुमडून घडीत दोरा घ्यावा लागतो. मग त्याच्यासोबत दुसरं येतंच."

"आणि हे कशासाठी? देव येऊन लिहिणार आहे?"

"देवाला नको आहे ते. फादर लोकांसाठी ठेवलंय. त्यांना कधी गरज पडली तर जागा असावी."

बाबांनी वही मिटून कापडात गुंडाळली. खरे तर त्यांनी जाऊन फादरना सांगायला हवे होते. सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी वही चर्चच्या कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली बाबांकडेच असे. मला वाटते, बाबांनी मोजणीत सोडलेली ती पहिली जागा.

पुढे मी शिकले आणि शिक्षिका झाले. परदेशी फादर मायदेशी गेले, त्यांच्या जागी आमच्या वसईकडचे एक तरुण फादर आले. काकांचा रविवार होता तसाच राहिला.

त्या सुमारास राज्यात सुइणींसाठी वर्ग निघाला. ज्यांना अनुभव होता त्यांनी तो लिहून द्यायचा होता. आक्का तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण सुनेला वर्गात घालायचे होते आणि स्वतःचाही दाखला हवा होता. एका दुपारी त्या अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या.

"बाई, तू लिही. मी सांगते."

"किती बाळंतपणं केलीत आक्का?"

"आकडा कुठला माहीत! घरं सांगते." आणि त्या एकेका घराचे नाव घेऊन बोटे दुमडू लागल्या. "शिलेदारांच्या घरी तीन. त्यातला मधला उलटा होता, आता मिशा पिळत हिंडतो. कारकुनांच्या घरी पाच, सगळ्या पोरी, सासू मलाच शिव्या द्यायची. वैद्याच्या घरी एक. तुमच्याकडे तू, तुझा भाऊ..." आणखी एक बोट दुमडून त्या म्हणाल्या, "आणि गंगा."

मी लेखणी खाली ठेवली. "कोण गंगा?"

आक्का अर्जाकडे बघत राहिल्या. "तुझ्या काकाची."

"तिचं नाव गंगा होतं?"

"मीच ठेवलं. तुझी काकू म्हणाली, नाव घ्या आक्का, कुठलंही घ्या, लवकर करा. मला तुमची नावं कुठली यायला! हातात पाणी होतं, तोंडात गंगा आलं."

"मग तुम्ही फादरना नाही का म्हणालात?"

"ते दाढीवाले एवढे उंच, समोर उभे. म्हणाले, नाव काय दिलंस. म्हटलं, तुमच्या मंत्रात मी आमच्या गंगेचं नाव घातलं, पोर बाटवली. आता हे तुझ्या काकूला चर्चमधून काढतील. ती तर तापात पडलेली. म्हटलं, केलंच नाही म्हणावं. केलंच नाही म्हणजे चुकलंही नाही."

"आक्का," मी म्हटले, "कुठलंही नाव चालतं. नाव नसलं तरी चालतं. पाणी आणि शब्द, एवढंच लागतं."

"चालतं?"

"चालतं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग एकदम रागावल्या. "मग एवढी वर्षं तुझ्या काकानं मला सांगितलं का नाही? ताटं पाठवत बसला!"

मी काकांकडे गेले. ते अंगणात सरस ढवळत होते. मी सगळे सांगेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग विचारले, "तिला कोणी विचारलं?" आवाज कठोर होता.

"कोणी नाही. बाळंतपणं सांगता सांगता तीच म्हणाली."

"मग ठीक," ते म्हणाले. सरस करपायला लागला होता. त्यांनी तो तसाच उतरवून ठेवला.

"तुम्हाला नाव माहीत होतं, काका?"

"त्याच दिवशी तिनं सांगितलं होतं. पण ते मी फादरपुढं घेतलं असतं तर ती उघड खोटी पडली असती. पोरीचं नाव आक्कानंच घ्यायला हवं होतं."

रविवारी मिस्सा झाल्यावर मी आक्कांना घेऊन चर्चमागच्या खोलीशी गेले. बाबा आधीच तिथे जाऊन फादरना सगळे सांगून बसले होते. आक्का ठेवणीतले लुगडे नेसून आल्या होत्या, पण उंबऱ्यावर थबकल्या.

"मी आत आले तर मला ख्रिस्ती नाही ना करणार?"

तरुण फादर हसले. "नाही आक्का. उलट तुम्हीच एकीला केलंत असं ऐकतो."

त्यांनी एकच प्रश्न विचारला, तेव्हा काय म्हणालात? आक्कांनी उजव्या हाताची ओंजळ केली, जणू तिच्यात अजून पाणी होते, आणि डोळे मिटून म्हणाल्या, "गंगा, मी तुला बाप्तिस्मा देते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं." एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. वीस वर्षे त्या ते मनात जपून होत्या.

फादरनी वही उघडली. त्या महिन्याचे पान खालपर्यंत भरलेले. ते समासात जागा शोधू लागले.

"पुढचं पान उलटा, फादर," बाबा म्हणाले.

फादरनी पान उलटले, कोऱ्या पानाकडे पाहिले, मग बाबांकडे पाहिले. लेखणी बुडवली आणि नावाशी येऊन अडखळले. "गंगा... तसंच लिहू?"

माझे वडील, ज्यांनी आयुष्यात कधी शुक्रवार मोडला नाही, पुढे झाले. "लिहा, फादर. आपल्या प्रभूचा बाप्तिस्माही नदीतच झाला होता."

नाव चढले. आईबापांची नावे चढली. शेवटच्या रकान्यात बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव असते. त्या वहीत तिथे ओळीने फादर आणि फादरच होते. त्यांच्याखाली आक्कांचे नाव आले आणि त्याच्यापुढे त्यांच्या अंगठ्याचा ठसा.

काकांना लिंबाखालून बोलावून आणले. ते उंबऱ्यापाशी थांबले, म्हणून बाबाच वही उचलून त्यांच्यापुढे घेऊन गेले. काकांनी अक्षरांकडे पाहिले की नाही मला सांगता येणार नाही. त्यांनी पानाच्या घडीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "दोरा धरून आहे." मग म्हणाले, "शाई ओली आहे दादा. मिटू नकोस."

फादरनी मुलीला भिंतीच्या आत आणण्याविषयी विचारले. काका म्हणाले, तिला हलवू नका, तिथली तिला सवय झाली आहे. तेव्हा पुढच्या रविवारी फादर स्वतः बाहेर आले. मंत्रायला पाणी हवे होते. त्यांनी काकांचा तांब्या मागितला. मुलगी जन्मली त्या दिवशी त्याच तांब्यातले पाणी आक्कांनी ओंजळीत घेतले होते हे फादरना ठाऊक नव्हते. त्यांनी पाणी मंत्रून ती जागा आशीर्वादित केली आणि तांब्या परत देत विचारले, "आता येता का आत?"

"येतो की."

काका आत आले आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. बाबांनी सगळ्या मिस्सेत एकदाही मागे वळून पाहिले नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते. परतताना पुलावर मी विचारले, "कसं वाटलं, काका?"

"आतमध्ये प्रवचन फार लांबतं," ते म्हणाले. "बाहेर वारा असतो."

त्यानंतर ते एक रविवार आत बसत, एक रविवार बाहेर. फादरनी कधी हरकत घेतली नाही.

शेवटच्या आजारात त्यांनी मला शुभवर्तमान वाचायला सांगितले. मी सवयीने मधूनच उघडले. वादळात होडी हेलकावतेय आणि येशू उशीवर झोपला आहे, ते पान निघाले. काकांना ते आवडायचे. "घाबरलेले सगळे जागे, आणि ज्याचा समुद्र तो झोपलेला," असे म्हणत. मी थांबले आणि विचारले, "शेवट वाचू का, काका? तुम्ही कधी वाचला नाहीत."

"नको बाय," ते म्हणाले. "यावेळी मी स्वतःच जाऊन बघतो."

त्यांना भिंतीच्या आत, काकूशेजारी ठेवले आहे. तांब्या माझ्याकडे आहे. मिस्सेआधी मी लिंबाखाली जाऊन येते. बरेचदा आक्का आधीच तिथे येऊन बसलेल्या असतात.

गेल्या आठवड्यात बिशपांकडून एक फादर वह्या तपासायला आले होते. कडक आणि टापटिपीचे. मी बाबांना मदत म्हणून वह्या काढून देत होते. त्यांनी गंगाची नोंद वाचली, अंगठ्याचा ठसा पाहिला, कायद्याला धरून आहे म्हणाले. मग काही पाने उलटली आणि ते दुसरे कोरे पान समोर आले.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "नोंदवहीत रिकामं पान ठेवत नसतात. उद्या कोणीही काहीही लिहील. फाडून टाका."

बाबा आता थकले आहेत. उठायला त्यांना वेळ लागतो. ते उठले, टेबलापाशी गेले आणि त्यांनी वही जुडीच्या मधोमध उघडली, काका उघडायचे तशी. मग घडीतल्या दोऱ्यावर बोट ठेवले.

"ते फाडता येणार नाही, फादर," ते म्हणाले. "दोन्ही पानं एकाच कागदाची आहेत. हे फाडलं तर तिकडे आमची गंगा सुटेल."